ठिपके गेले म्हणजे मासा बरा झाला?

‘‘ताई, माशांना कांजिण्या आल्यात.’’ रात्री साडेदहा वाजता ठाण्याहून मावसभावाचा फोन. मला हसू आलं, त्याला मुळीच नव्हतं आलेलं. दोन वर्षं खपून त्यानं खाऱ्या पाण्याची चार फुटी टाकी उभी केली होती. तीत क्लाउनफिशची जोडी, एक निळी डॅम्सेल, लाल-पांढऱ्या पट्ट्यांची एक कोळंबी आणि शंखात राहणारे तीन-चार खेकडे. चार दिवसांपूर्वी लेकीच्या वाढदिवसाला म्हणून त्यानं एक ब्लू टँग आणला. ‘फाइंडिंग नेमो’मधली डोरी, तोच हा मासा. दुकानातून पिशवी आणली, तासभर टाकीत तरंगत ठेवली आणि मासा सोडून दिला. आता त्याच डोरीच्या अंगावर मिठाचे कण चिकटावेत तसे पांढरे ठिपके होते.

मी प्राणिशास्त्र शिकलेली, त्यामुळे घरात अशा वेळी मलाच विचारतात. गोड्या पाण्याच्या माशांना असे ठिपके आले तर पाण्यात थोडं मीठ घालतात, तापमान जरा वाढवतात, एवढं मला माहीत होतं. ते सांगायला तोंड उघडलं आणि लक्षात आलं, की समुद्राच्या पाण्यात आणखी मीठ काय घालणार! ‘‘दोन-चार दिवस वाट बघ,’’ असं मोघम सांगून मी वेळ मारून नेली. चौथ्या दिवशी त्याचा आनंदानं फोन आला, ठिपके गेले. ‘‘गेले ना? मग झालं,’’ म्हणाले आणि विसरून गेले.

नारळी पौर्णिमेला पुन्हा फोन आला. या वेळी ठिपके सगळ्यांच्या अंगावर होते. डोरी दगडाआड आडवी पडून जोरजोरात कल्ले हलवत होती. माझं ‘मग झालं’ किती चुकीचं होतं, हे त्या रात्री पुस्तकं काढून बसल्यावर समजलं. घरी खाऱ्या पाण्याची टाकी ठेवणाऱ्यांची संख्या शहरांत वाढते आहे आणि ही चूक त्यांतले बरेच जण एकदा तरी करतात, म्हणून हा लेख.

या ठिपक्यांचं कारण आहे ‘क्रिप्टोकॅरिऑन इरिटान्स’ नावाचा एकपेशीय परजीवी. अंगभर बारीक केस असलेला, त्यांच्या साह्यानं पोहणारा. तो माशाच्या कातडीवर बसत नाही, तर कातडीच्या वरच्या थराखाली शिरतो आणि तिथल्या पेशी खात वाढतो. आपल्याला दिसतो तो ठिपका म्हणजे हा पोसलेला परजीवी आणि त्याच्याभोवतीची सुजलेली कातडी. तीन ते सात दिवसांत त्याचं पोट भरतं. मग तो मासा सोडून खाली उतरतो, वाळूवर, दगडावर, काचेवर कुठंतरी चिकटतो आणि स्वतःभोवती टणक कोष तयार करतो. याच वेळी माशाचं अंग स्वच्छ दिसतं. आजार बरा झालेला नसतो, तो फक्त माशावरून वाळूत गेलेला असतो.

कोषात एकाचे अनेक होतात, कधी कधी दोनशेपर्यंत. कोष फुटला की ही पिल्लं पाण्यात पोहू लागतात. त्यांच्याकडे वेळ फार थोडा असतो. एक-दोन दिवसांत मासा सापडला नाही तर ती मरतात. इथं निसर्गाची एक चतुराई दिसते. प्रयोगशाळेत असं आढळलं आहे, की परजीवी माशावरून उतरतात ते बहुतेक अंधारात आणि कोष फुटतात तेही उत्तररात्री ते सकाळच्या दरम्यान. मासा रात्री ठरलेल्या कपारीत झोपतो. परजीवी तिथंच खाली पडतो आणि काही दिवसांनी त्याची पिल्लं अशाच वेळी बाहेर येतात, जेव्हा मासा पुन्हा त्याच बिछान्यावर असतो. खुल्या समुद्रात एवढं करूनही बहुतेक पिल्लं वाया जातात, कारण पाणी अथांग आहे. तिथल्या माशांवर एखाद-दोन ठिपके असले तरी काही बिघडत नाही. तीनशे लिटरच्या टाकीत मात्र प्रत्येक पिल्लाला मासा सापडतो. पहिल्या फेरीत पाच ठिपके असतील तर पुढच्या फेरीत शेकडो. कातडीवर ते आपल्याला दिसतात, पण खरी हानी कल्ल्यांत होते आणि मासा गुदमरून मरतो.

गोड्या पाण्यातला ठिपक्यांचा परजीवी वेगळा आहे. गंमत म्हणजे दोघांचं जवळचं नातंही नाही. एकसारखं जगता जगता दोन वेगळ्या कुळांतल्या जिवांनी एकसारखी जीवनपद्धती घेतली आहे. त्यामुळे गोड्या पाण्यातलं औषध इथं चालेल असं गृहीत धरता येत नाही, हा धडा मला उशिरा मिळाला.

उपचार दोन ठिकाणी

हे चक्र समजलं की उपचाराचं कोडं सुटतं. आजार दोन ठिकाणी आहे, माशावर आणि टाकीत. म्हणून मासे बाहेर काढायचे आणि त्यांच्यावर वेगळ्या भांड्यात उपचार करायचे. मूळ टाकी माशांविना चालू ठेवायची, म्हणजे कोषांतून निघालेली पिल्लं उपाशी मरतील. कोळंबी, खेकडे, गोगलगायी तिथंच राहू शकतात. त्यांच्यावर हा परजीवी जगत नाही.

टाकी किती दिवस रिकामी ठेवायची? बहुतेक कोष तीन दिवस ते चार आठवड्यांत फुटतात. पण काही कोष 72 दिवसांनी फुटल्याची नोंद आहे. त्यावर थोडे दिवस धरून हौशी लोकांत 76 दिवसांचा आकडा रूढ झाला आहे. ‘क्वारंटाइन’ हा शब्द ‘चाळीस’ या अर्थाच्या इटालियन शब्दावरून आला. प्लेगच्या काळात बंदरात आलेल्या जहाजांना वेगळं ठेवण्याचा नियम 1377 मध्ये रगुसा, म्हणजे आजच्या दुब्रोवनिकनं केला तेव्हा तो तीस दिवसांचा होता, पुढं चाळीसचा झाला. त्या लोकांना रोगजंतू ठाऊक नव्हते, आकडा अनुभवानं आणि श्रद्धेनं ठरला. आपल्याकडे परजीवीचं वेळापत्रकच हातात आहे. तरीही भाऊ म्हणाला, ‘‘76 दिवस रिकामी टाकी बघत बसू? पन्नासला नाही चालणार?’’ चालेलही कदाचित. सहा आठवड्यांवर थांबणारेही आहेत. पण एक कोष उरला तरी सगळं पहिल्यापासून सुरू होतं, हे ऐकल्यावर तो गप्प बसला.

मासे बाहेर काढल्यावर त्यांच्यावर काय करायचं, याला तीन चांगले पर्याय आहेत. सगळ्यांत जुना आणि खात्रीचा उपाय तांब्याचा. नाशिक-सांगलीकडच्या द्राक्षबागायतदारांना मोरचूद नवं नाही. चुना आणि मोरचुदाचं बोर्डो मिश्रण वेलींवर फवारून ते बुरशीला आवरतात. तेच तांबं पाण्यात पोहणाऱ्या परजीवीच्या पिल्लांना मारतं. कातडीत शिरलेल्या परजीवीपर्यंत ते पोचत नाही, कोषातही शिरत नाही. म्हणजे एकेक पिढी पाण्यात उतरेपर्यंत तांबं तिथं हजर हवं. म्हणून तीन ते सहा आठवडे मात्रा एकसारखी ठेवावी लागते. दोन दिवस जरी ती खाली गेली तरी कष्ट वाया.

ही मात्रा किती बारीक असते बघा. साध्या तांब्याची पातळी लिटरमागे 0.15 ते 0.20 मिलिग्रॅम हवी. शंभर लिटर पाण्यात 0.15 च्या हिशेबानं एकूण 15 मिलिग्रॅम तांबं. मोरचुदात साधारण पाव भाग तांबं असतं, म्हणजे सुमारे 60 मिलिग्रॅम मोरचूद. चिमटीत याच्या कितीतरी पट येतं. त्यामुळे घरी चिमूट टाकून हा प्रयोग कुणी करू नये. खास माशांसाठी मिळणारं द्रावणच घ्यावं आणि सोबत तांबं मोजायचं किट घ्यावं. त्यातही एक खाच आहे. अनेक बाटल्यांतलं तांबं दुसऱ्या रेणूंना बांधलेलं असतं आणि त्याची लागणारी मात्रा साध्या तांब्याच्या जवळजवळ दहापट असते. एका बाटलीचा आकडा दुसरीला लावला तर एक तर औषध लागू पडत नाही, नाही तर मासा जातो. बाटलीवरची सूचना आणि त्या प्रकाराला चालणारं किट, एवढं पाळायचं.

आणि तांबं मूळ टाकीत कधीही टाकायचं नाही. कोळंबी, गोगलगाय, समुद्रफुलं यांना ते विष आहे. कोळंबीच्या रक्तातच तांबं असतं, त्याच्याच जोरावर ती प्राणवायू वाहून नेते, तरी पाण्यातलं तांबं तिला सोसत नाही! शिवाय चुनखडीचे दगड आणि वाळू तांबं शोषून घेतात. मग पाण्यातली मात्रा घसरत राहते आणि ते दगड पुढं वापरायला भरवशाचे राहत नाहीत. भावाला दुकानात नेमका हाच सल्ला मिळाला होता, ‘टाकीतच टाका, काही होत नाही.’ बाटली त्याच्या हातात होती. माझा फोन अर्ध्या तासानं उशिरा गेला असता तर कोळंबी वाचली नसती.

दुसरा उपाय औषधाविना आहे. मासा दर तीन दिवसांनी कोरड्या, धुतलेल्या भांड्यात ताज्या खाऱ्या पाण्यात हलवायचा, असं चार वेळा. अंगावरून गळलेले परजीवी खाली कोष करतात, ते फुटायच्या आत मासा पुढच्या भांड्यात गेलेला असतो. बारा दिवसांत काम होतं. पद्धत सुंदर आहे, पण दोन संच भांडी, भरपूर खारं पाणी आणि न चुकता तिसरा दिवस पाळण्याची शिस्त लागते. 

तिसरा उपाय पाण्याची क्षारता उतरवण्याचा. समुद्राच्या पाण्यात लिटरमागे सुमारे 35 ग्रॅम क्षार असतात, ते काही दिवसांत हळूहळू 15 च्या खाली आणायचे. परजीवीला हे झेपत नाही, माशाला झेपतं, कारण त्याच्या शरीरातल्या द्रवाची क्षारता समुद्राच्या एक तृतीयांशच असते. समुद्रातला मासा खरं तर सतत तहानलेला असतो, पाणी पितो आणि मीठ बाहेर टाकत राहतो. पाणी कमी खारं झालं की त्याचे तेवढे श्रम वाचतात. मात्र कमी क्षारता सोसणाऱ्या परजीवीच्या जातीही आढळल्या आहेत. शिवाय मोजमाप रिफ्रॅक्टोमीटरनंच करावं लागतं, अंदाज चालत नाही.

अमोनियाचा घाव

आम्ही तांब्याचा मार्ग धरला. दोन फुटी काचेची टाकी मागच्या बाल्कनीत मांडली. तळाला वाळू नाही, दगड नाही. लपायला नळाच्या कामातले पीव्हीसी पाइपचे तुकडे, पाणी ढवळायला एअर पंप आणि स्पंज फिल्टर, हीटर, वर जाळी. सगळं एका संध्याकाळी उभं राहिलं आणि तिथंच फसलं.

माशाच्या श्वासातून आणि विष्ठेतून अमोनिया पाण्यात येतो. चालू टाकीत दगडांवर आणि स्पंजवर वाढलेले जिवाणू त्याचं आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट करतात. नव्या टाकीत हे जिवाणू नसतात, ते जमायला आठवडे लागतात. त्यात समुद्राच्या पाण्याचा सामू आठच्या वर असतो आणि तिथं अमोनियाचं विषारी रूप गोड्या पाण्यापेक्षा कित्येक पटींनी जास्त असतं. तिसऱ्या दिवशी किटमधलं पाणी हिरवं झालं, म्हणजे अमोनिया चढला होता. भावानं अर्धं पाणी बदललं, बदलत्या पाण्यात मोजून तांबं घातलं. अमोनिया बांधून ठेवणारं द्रावण घालायला तो निघाला होता, पण अशी काही द्रावणं तांब्याबरोबर मिळून माशाला जास्त घातक ठरतात, म्हणून थांबवलं. दुसऱ्या दिवशी सकाळी डोरी मेलेली होती. परजीवीनं मारलं की अमोनियानं, मला सांगता येणार नाही. दोघंही कल्ल्यांवरच घाव घालतात.

भाची सात वर्षांची. तिनं एकच विचारलं, ‘‘आत्या, डॉक्टरकडे का नाही नेलं?’’ कुत्र्या-मांजरांचे डॉक्टर गल्लोगल्ली आहेत, मासा तपासणारे अगदी विरळा. वर्सोव्याची केंद्रीय मत्स्य शिक्षण संस्था किंवा रत्नागिरीजवळच्या शिरगावचं मत्स्य महाविद्यालय अशा ठिकाणी माशांच्या रोगांचा अभ्यास होतो, पण घरच्या एका माशासाठी तिथं पोचणारे किती? त्यामुळे निदान बहुधा दुकानदार करतो आणि ते नेहमी बरोबर असतंच असं नाही. मिठासारखे सुटे कण हे आपल्या या परजीवीचं लक्षण. अंगावर सोनेरी-करडी धूळ बसल्यासारखी दिसली आणि मासा पंपासमोर उभा राहून धापा टाकू लागला तर तो ‘अ‍ॅमिलोओडिनियम’ असू शकतो. तो दोन-तीन दिवसांत टाकी रिकामी करतो. क्लाउनफिशच्या अंगावरून पांढरट चिकट पापुद्रे सुटू लागले तर तिसराच परजीवी, ‘ब्रूकलिनेला’. त्यावर तांबं भरवशाचं नाही. आणि पराच्या कडेला फुलकोबीसारखी गाठ असेल तर तो विषाणू. त्यावर औषध नाही आणि सहसा लागतही नाही. पाणी चांगलं ठेवलं तर गाठ काही आठवड्यांत आपोआप झडते.

घरगुती उपायांबद्दलही बोललं पाहिजे. लसूण चोळून खाद्य दिलं तर मासा कदाचित आवडीनं खाईल, परजीवी मरत नाही. ‘सफाई’ करणारा मासा किंवा कोळंबी ठेवा म्हणजे ठिपके वेचून खाईल, हेही खूप ऐकू येतं. ते वरवरचे किडे खातात, कातडीखाली बसलेला परजीवी त्यांच्या तोंडी लागत नाही. भावाच्या टाकीत अशी कोळंबी होतीच, आणि तरीही हे झालं.

माणसांनीही जपायचं

मासेपालकांनी स्वतःसाठी जपायची एक गोष्ट आहे, ‘मायकोबॅक्टेरियम मरिनम’ नावाचा जिवाणू. क्षयाच्या जिवाणूचा हा भाऊबंद. 1926 मध्ये फिलाडेल्फियाच्या मत्स्यालयातल्या मेलेल्या समुद्री माशांत तो पहिल्यांदा सापडला. हाताला कापलं-खरचटलेलं असताना टाकीत हात घातला तर तो आत शिरतो. दोन-चार आठवड्यांनी बोटावर किंवा हाताच्या मागच्या बाजूला लालसर गाठ येते, ती दुखत नाही म्हणून दुर्लक्ष होतं. मग मनगटाकडे आणखी गाठी उठतात. या जिवाणूला 30 अंशांच्या आसपासचं तापमान मानवतं, म्हणून तो शरीराच्या आतल्या उबेपेक्षा हातापायांच्या थंड कातडीत रमतो. उपचार आहे, पण प्रतिजैविकं काही महिने घ्यावी लागतात. डॉक्टरांना ‘माझ्या घरी माशांची टाकी आहे’ हे वाक्य आपणहून सांगा, त्यानं निदानाचे आठवडे वाचतात. टाकीत हात घालताना, विशेषतः आजारी माशांच्या, लांब हातमोजे घाला. आणि पाणी काढायला पाइप तोंडानं ओढायची सवय आजच सोडा.

दुसरं, माणसांच्या प्रतिजैविकांच्या कॅप्सूल फोडून टाकीत टाकण्याची पद्धत. ठिपक्यांच्या परजीवीवर त्यांचा उपयोग नाही, कारण तो जिवाणू नाही. उपकारक जिवाणू मात्र मरतात, अमोनिया चढतो आणि ते पाणी गटारात गेल्यावर औषधांना न जुमानणाऱ्या जंतूंची पैदास वाढते ती वेगळीच.

हे सगळं टाळायचा मार्ग स्वस्त आणि कंटाळवाणा आहे. नवा मासा चार ते सहा आठवडे वेगळ्या टाकीत ठेवायचा. समुद्री मासे बहुतेक समुद्रातूनच पकडलेले असतात. पकडणारा, व्यापारी, विमान, दुकान अशी त्यांची वाट असते आणि दुकानात अनेकदा सगळ्या टाक्यांचं पाणी एकच फिरतं. एका टाकीतला आजार मग सगळ्यांचा. त्यातल्या त्यात क्लाउनफिशसारखे मासे आता टाकीत जन्मलेलेही मिळतात. केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेनं त्यांच्या पैदाशीचं तंत्र आपल्या देशातच बसवलं आहे. असे मासे घेतलेले बरे. (दगडी प्रवाळ आणि समुद्रघोडे आपल्याकडे वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत, दुकानदारानं दाखवले तरी ते घेऊ नयेत.) वेगळी टाकी शक्यतो वेगळ्या खोलीत असावी, कारण बुडबुड्यांतून उडणाऱ्या तुषारांबरोबर अ‍ॅमिलोओडिनियम काही फूट पसरू शकतो. जाळी, पाइप, बादली दोघांना एकच नको. आणि एक स्पंज आधीपासून पाण्यात ठेवून जिवाणू जमवलेले हवेत, मासा आणल्यावर नव्हे. आमची डोरी कदाचित एवढ्यानं वाचली असती.

क्लाउनफिश आणि डॅम्सेल मात्र तगले. महिनाभर तांब्यात राहिले. दोन आठवड्यांनी अमोनिया शून्यावर आला आणि रोज पाणी बदलायची कटकट संपली. डॅम्सेल भांडखोर, म्हणून मध्ये जाळीचा पडदा लावावा लागला. महिन्यानंतर कोळशाच्या फिल्टरनं तांबं काढून टाकलं, पण मासे बाल्कनीतच ठेवले. गणपती आले, गेले. दिवाणखान्यातल्या चार फुटी टाकीत खेकडे एकटेच फिरत होते. पाहुणे विचारायचे, मासे कुठं गेले? भाची सांगायची, ‘‘होम क्वारंटाइन.’’

नारळी पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी मासे काढले होते. मोजून पाहिलं तर 76 वा दिवस भाऊबीजेला येत होता. एरवी तो ओवाळून घ्यायला माझ्याकडे येतो, या वर्षी मीच ठाण्याला गेले. ताटातला दिवा विझायच्या आत तो उठला आणि भांड्यात घेतलेल्या क्लाउनफिशना अर्ध्या तासात थेंब थेंब नवं पाणी देऊन टाकीत सोडलं. नर मासा सरळ कोपऱ्यातल्या जुन्या दगडाकडे गेला. बाल्कनीतली लहान टाकी पुसून कोरडी करून ठेवली आहे, स्पंज मात्र मोठ्या टाकीच्या फिल्टरमध्ये आहे. नवा मासा कधी, हे भाचीनं विचारलं. भाऊ म्हणाला, ‘‘आणू, पण आधी दीड महिना बाल्कनीत.’’ तिनं कॅलेंडर काढून बोटानं दिवस मोजायला सुरुवात केली.